निधनमास्तरांचा छोटा कीबोर्ड

पंचवीस वर्षांत आपल्या हातून एक वेलांटी चुकलेली नाही, तेव्हा साधा कीबोर्ड निवडायला आपल्याला फार तर एक दुपार लागेल, असं निधनमास्तरांनी सगळ्या ऑफिसदेखत जाहीर केलं. तेव्हाच कुणीतरी त्यांना आवरायला हवं होतं. पण मास्तरांना आवरायची कुणाची हिंमत नव्हती. आज ना उद्या प्रत्येकाला त्यांच्या खिडकीशी काम पडणार होतं.

मास्तर एका दैनिकात निधनवार्तांचं सदर सांभाळत. तळमजल्यावर जिन्याजवळ त्यांची काचेची खिडकी होती. बाहेर स्टूल, आत मास्तर. घरातलं कुणी गेलं की माणसं त्या स्टुलावर येऊन बसत आणि सांगत. मास्तर टाइप करत, परत वाचून दाखवत, आणि चाळीस शब्दांत एक अख्खं आयुष्य बसवून पान लावणाऱ्या बाईंकडे पाठवत. चाळीस शब्दांचा नियम त्यांचाच. संपादकांपासून वॉचमनपर्यंत सगळे त्यांना निधनमास्तरच म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर आणि घराच्या दारावरच्या पाटीवर तेवढं शिल्लक होतं. बायको ‘अहो’ म्हणायची, म्हणजे ते नाव तोंडाने घेणारं तसं कुणी उरलंच नव्हतं.

दैनिकाची तब्येत काही बरी नव्हती. एकेक सदर बंद पडत चाललं होतं. वाढत होतं ते फक्त मास्तरांचं. शेवटी तळमजल्याचा अर्धा भाग वजन कमी करण्याच्या एका वर्गाला देऊन टाकला. मधे प्लायवूडची भिंत आली आणि एका सकाळी सुतार येऊन सगळी टेबलं करवतीने कापून गेला. मास्तरांच्या वाट्याला उरलं ते टेबल नव्हे, फळीच. त्यावर त्यांचा जुना लांबलचक कीबोर्ड मावेना. उजवीकडचा आकड्यांचा भाग काचेखालच्या फटीतून बाहेर यायचा आणि शोकात असलेली माणसं त्यावर पिशव्या, पाकिटं, कोपरं, जे असेल ते ठेवायची.

एकदा एक जावई सासूबाईंची बातमी सांगताना हुंदके देत शून्यावर कोपर टेकून बसले. मास्तरांनी नेहमीप्रमाणे वाचून दाखवलं तेव्हा सासूबाईंचं वय आठ लाख निघालं. जावयांनी डोळे पुसत मान हलवली आणि म्हणाले, “वाटायचं तसंच.”

मास्तरांनी ती चूक तिथल्या तिथे पकडली. पण ते हादरले. हे कानावर गेलं तसं संपादकांनी त्यांना बोलावून घेतलं. मालक या खिडकीबद्दल विचारायला लागलेत, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. हल्ली बातम्या फोनवरूनही भरता येतात. खिडकी चालू आहे ती केवळ अचूकपणाच्या जोरावर. एक लहान कीबोर्ड आणा आणि विषय संपवा. मास्तरांनी ती एका दुपारची घोषणा केली ती त्यानंतर, केबिनमधून बाहेर येताना.

ऑफिसातले कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या बाईंनी त्यांना सांगितलं की लहान कीबोर्ड घेताना स्वतःला दोनच गोष्टी विचारायच्या. कुठल्या बटणांवाचून आपलं चालेल, आणि बटण दाबताना बोटाला काय जाणवलेलं आवडेल. बाईंनी हे सहज सांगितलं. पण कशावाचून आपलं चालेल आणि आपल्याला काय जाणवलेलं आवडेल, हे मास्तरांना कित्येक वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. ते जिन्यात थोडा वेळ उभेच राहिले.

दुकान एका बोळात होतं. दुकानदार मास्तरांहून उदास. गिऱ्हाईक आलं याचा आनंद नाही, गेलं असतं तर दुःख नसतं झालं. भिंतीवर त्याने कीबोर्ड आकाराप्रमाणे टांगले होते. वर सर्व अवयव शाबूत असलेला मोठा. त्याखाली आकड्यांचा भाग गेलेला. त्याखाली वरची ओळ गेलेला, मग बाण गेलेला. आणि सगळ्यांत खाली तळहाताएवढा, ज्याच्याकडे अक्षरं तेवढी राहिली होती. वरून खाली बघत जाताना मास्तरांना एखाद्या दीर्घ आजाराचे फोटो ओळीने लावल्यासारखे वाटले.

बटणांच्या आतल्या खटक्यांचं तर शास्त्रच निघालं. काही खटके टकटक वाजतात, काही मधे किंचित अडतात, काही लोण्यात सुरी जावी तसे सरळ खाली जातात. दुकानदाराने नऊ नमुने बसवलेली एक पट्टी त्यांच्या हातात दिली. घरी न्या, म्हणाला, बोटांना विचारा.

मास्तरांनी बोटांना विचारलं आणि बायकोलाही. ती मटार सोलत बसली होती. हे पाठीमागे खुर्ची घेऊन बसले आणि डोळे मिटायला सांगितलं.

“समज, मी गेलोय,” मास्तर म्हणाले. “तू खिडकीशी येऊन सांगते आहेस आणि आतला माणूस टाइप करतोय. यातला कुठला आवाज बरा वाटेल?”

“तुम्ही गेल्यावर मला कुठलाच आवाज नको,” बायको म्हणाली.

असं सहा दिवस चाललं. सातव्या दिवशी तिने पाचव्या नंबरचा बरा आहे म्हणून सांगून टाकलं. पाचवा काय आणि आठवा काय, तिला सारखंच होतं. पण मटार तिला एकदाचे शांतपणे सोलायचे होते.

पाचवा निघाला टकटक वाजणारा. मास्तरांना तो मनापासून आवडला. प्रत्येक अक्षराची पोचपावती मिळायची. पहिल्या दिवशी एक निवृत्त शिक्षक पत्नीची बातमी सांगायला आले. ‘माझी पत्नी’ एवढं त्यांनी म्हटलं आणि आत टकटकटकटक झालं. ते थांबले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा टकटकाट. मग त्यांनी अगदी नम्रपणे विचारलं की तुम्हाला घाई असेल तर मी उद्या येऊ का. दुसऱ्या दिवशी एक बाई तडक संपादकांकडे गेल्या. आपण वडिलांबद्दल सांगत होतो आणि तुमचा माणूस आत बसून मक्याच्या लाह्या फोडत होता, अशी त्यांची तक्रार.

कीबोर्ड परत गेला. दुकानदाराने दुसरा दिला, सरळ खाली जाणारा, बिनआवाजी. आता उलटंच झालं. काच खालच्या बाजूला धुरकट असल्यामुळे मास्तरांचे हात बाहेर दिसत नसत आणि आवाज तर काहीच नाही. माणसं सांगायची, थांबायची, वाट बघायची आणि परत पहिल्यापासून सांगायची. एका गृहस्थाने काकांचं निधन चार वेळा सांगितलं. चौथ्या वेळी त्याला स्वतःलाच रडू आवरेना. पहिल्या तीन वेळा तो ठीक होता. शिवाय ती बटणं इतकी हलकी की नुसतं बोट टेकलं तरी अक्षर उमटे. मास्तरांना उसासे टाकायची सवय. एक उसासा टाकला की ‘दिवंगत’ला चार त.

तिसऱ्या खेपेला मास्तर दुकानात गेले ते खांदे पाडूनच. दुकानदाराने बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं आणि काउंटरखालून एक डबा काढला. मास्तरांनी एक बटण दाबलं. बोट खाली जाताना मधे एक क्षण थबकलं. जणू कुणी विचारावं, नक्की ना? आणि मग अलगद खाली गेलं. आवाज आला तो शेजारच्या खोलीत कुणी ड्रॉवर लोटावा तेवढाच. मास्तरांनी डोळे मिटले. निधनाची बातमी लिहायला याहून योग्य खटका जगात नसेल.

फक्त हा खटका दुकानदाराकडे त्या एकाच कीबोर्डात होता, भिंतीवरच्या सगळ्यांत खालच्या, तळहाताएवढ्या. त्यात आकडे नव्हते. म्हणजे होते, पण अक्षरांच्या पोटात. लहान घरात एका खोलीत दोन बिऱ्हाडं राहावीत तसं एकेका बटणात दोन दोन चिन्हं राहत होती. डाव्या अंगठ्याने एक बटण धरून ठेवलं की दुसरं बिऱ्हाड बाहेर यायचं.

बोट आणि डोकं यांच्यात मास्तरांनी बोटाचं ऐकलं.

दुरुस्तीवाल्या बाईंनी कीबोर्ड जोडून दिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. स्वल्पविराम काढायला डावा अंगठा या बटणावर धरायचा आणि उजव्या करंगळीने एन्टरच्या शेजारचं बटण दाबायचं, हे त्यांनी दोनदा दाखवलं. पण या बटणाला खेटूनच कंट्रोल आहे, आणि तुमच्या प्रोग्राममध्ये कंट्रोल आणि एन्टर एकत्र दाबलं की बातमी थेट पानावर जाते, हेही सांगितलं. दोन्हीकडे एकेक घर चुकलं की संपलं. मास्तर हसले. पंचवीस वर्षं, म्हणाले.

तरी सराव हवा म्हणून जेवणाच्या सुट्टीत ते डबा बाजूला ठेवून बसले. सरावाला मजकूर कुठला घ्यावा, हा प्रश्न आला. उगाच कुणा हयात माणसाला मारणं त्यांना प्रशस्त वाटेना, आणि मेलेल्याला पुन्हा मारणं तर त्याहून नाही. तेव्हा त्यांनी स्वतःलाच घेतलं.

खरं नाव टाइप केलं. पूर्ण, मधल्या वडिलांच्या नावासकट. अल्पशा आजाराने निधन झाले, असं लिहिलं. ते अठ्ठावन्न वर्षांचे होते; तो पाच आणि तो आठ सापडायला सहा मिनिटं गेली. एका दैनिकात त्यांनी पंचवीस वर्षे अचूक सेवा केली, असं लिहिताना ‘अचूक’ या शब्दापाशी त्यांना जरा भरून आलं. आपल्याबद्दल कुणी चांगलं बोललेलं त्यांनी पहिल्यांदाच वाचलं होतं. मग ‘त्यांच्या मागे पत्नी’ असं लिहिलं आणि आता स्वल्पविराम. डावा अंगठा ठेवला. उजवी करंगळी ठेवली. बोट मधे एक क्षण थबकलं आणि खाली गेलं.

पडदा कोरा झाला.

सगळं पुसलं गेलं, मास्तरांना वाटलं. बरंच झालं. असला मजकूर कुणी पाहिला असता तर ऑफिसात हसं झालं असतं. त्यांनी डबा उघडला आणि निवांत जेवले.

वरच्या मजल्यावर पान लावणाऱ्या बाईंपुढे बातमी आली. मास्तरांच्या टेबलावरून आलेलं कुणी तपासत नसे. पंचवीस वर्षांत तशी वेळच आली नव्हती. नाव बाईंनी कधी ऐकलेलं नव्हतं. शेवट जरा तुटक वाटला म्हणून त्यांनी ‘पत्नी’च्या पुढे आपल्या मनाने ‘असा परिवार आहे’ जोडलं. किती कमी माणसं असतात एकेकाला, असं त्यांच्या मनात आलं आणि त्या पुढच्या बातमीकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर नेहमीच्या बसने ऑफिसला गेले. त्यांची पाठ वळते न वळते तोच शेजारच्या मावशी पेपर हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या. डोळे लाल. मास्तर कधी, असं त्यांनी दारातल्या पाटीकडे बघत विचारलं. बायको निधनाचं पान कधीच उघडायची नाही. दिवसभर तो माणूस तेच करून येतो, घरात आणखी कशाला, असं तिचं म्हणणं.

“आत्ताच गेले,” ती म्हणाली. “दोन मिनिटं झाली असतील.”

मावशींनी चौकट धरली. जाताना काही त्रास झाला का, त्यांनी विचारलं. बायको म्हणाली, नाही, जरा गुडघा धरला होता एवढंच. काही बोलले का शेवटी? बोलले ना. संध्याकाळी यायला उशीर होईल म्हणाले.

मावशी जिन्यातच बसल्या. त्यांचा हुंदका ऐकून वरच्या मजल्यावरचे लोक खाली आले आणि खालच्या मजल्यावरचे वर. कुणी बायकोला खुर्चीवर बसवलं, कुणी पाणी आणलं. कुणी तिचा हात धरून म्हणालं की आता तुम्हालाच घट्ट व्हायला हवं. त्या गर्दीत तिला पेपर वाचायला मिळेपर्यंत पाऊण तास गेला. तोवर घरात अकरा माणसं जमली होती आणि सगळ्यांना चहा तिलाच करावा लागला.

मास्तरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. वॉचमनने रोजच्यासारखी मान हलवली. त्याला कुठे नाव माहीत होतं. दहाला चहा आला. हातात लाल पेन घेऊन मास्तरांनी आपलं पान वाचायला घेतलं. पाचव्या बातमीपाशी थांबले. पुन्हा वाचली. सवयीने ऱ्हस्वदीर्घ पाहिले. सगळे बरोबर होते. काय, बिचाऱ्याला मागे बायकोखेरीज कुणीच नाही, हा पहिला विचार. मग नाव पुन्हा वाचलं, आणि चहा तसाच राहिला.

पान लावणाऱ्या बाई धावत खाली आल्या. म्हणजे ते तुम्ही होय, असं म्हणून तोंडावर हात ठेवून उभ्या राहिल्या. संपादक ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त सांगितलं की पाच वाजेपर्यंत दुरुस्ती तयार ठेवा, चाळीस शब्दांत, आणि मालकांच्या कानावर आपण होऊन घालू नका. घरी फोन केला तर बायको फार बोलली नाही. संध्याकाळी येताना सगळ्यांना दिसत दिसत या, एवढं म्हणाली आणि फोन ठेवला.

मास्तर दुरुस्ती लिहायला बसले. हजारो माणसांना त्यांनी या फळीवरून निरोप दिला होता. कुणाला परत आणायचं म्हटलं तर पहिला शब्दच सुचेना. भिंतीपलीकडे वजन कमी करणारी माणसं कुणाच्या तरी आकड्यांवर उड्या मारत होती. एक, दोन, तीन, चार.

साडेबाराच्या सुमाराला स्टुलावर कुणीतरी येऊन बसलं. चष्मा कपाळावर चढवलेला, मान खाली. खिशातून कात्रण काढण्याची खटपट चाललेली. मास्तरांनी ते डोक्यावरचे विरळ केस पाहिले आणि त्यांची बोटं कीबोर्डवरच राहिली.

तो त्यांचा थोरला भाऊ होता. चष्म्याचं दुकान चालवायचा, याच शहरात, दोन बस बदलून जावं लागेल इतकाच लांब. नऊ वर्षं दोघांचं बोलणं नव्हतं. आई गेली तेव्हा बातमी अर्थातच मास्तरांनी लिहिली. आई सुरेख शिट्टी वाजवायची, तेवढं घाल, असं दादाने सांगितलं होतं. मास्तरांनी ते गाळलं. चाळीस शब्द झाले होते, आणि निधनाच्या सदरात शिट्टी बसत नव्हती. दादाने बातमी वाचली आणि म्हणाला की ही कुणाचीही आई आहे. त्यानंतर तो मास्तरांशी बोललाच नाही.

“इथे आधी माझा भाऊ बसायचा,” दादा कात्रण उलगडत म्हणाला. मान अजून खालीच. “आज त्याची बातमी आली आहे. तिच्यात चूक आहे.”

मास्तरांच्या तोंडून सवयीने शब्द निघाला. तोही पुटपुटल्यासारखा.

“नाव?”

दादाने नाव सांगितलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट, सावकाश, खिडकीशी सगळे सांगतात तसं. मास्तरांनी ते बऱ्याच वर्षांनी कुणाच्या तोंडून ऐकलं.

“मागे पत्नी असा परिवार, असं तुम्ही छापलंय. त्याला थोरला भाऊ आहे. आमचं बोलणं नव्हतं, ते खरं. पण भाऊ आहे.” तो थांबला. “लिहिताय ना? काही आवाज येत नाही.”

आणि त्याने मान वर केली.

पलीकडे एक, दोन, तीन, चार चालूच होतं. दादाने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. परत वर केला, परत घेतला.

“तू आहेस,” तो म्हणाला.

“आहे.”

“मग हे काय?”

“नवीन कीबोर्ड,” मास्तर म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. कापलेलं टेबल, नऊ खटके, एका बटणातली दोन बिऱ्हाडं, कंट्रोल, एन्टर, सगळं. आयुष्यभर बारीक स्क्रू आणि काचा हाताळलेला तो माणूस. दादा लक्ष देऊन ऐकत होता. बघू म्हणाला. मास्तरांनी काचेखालच्या फटीतून कीबोर्ड बाहेर सरकवला आणि पडदा त्याच्याकडे वळवला. दादाने डावा अंगठा ठेवला, उजवी करंगळी ठेवली आणि दाबलं. पडद्यावर स्वल्पविराम उमटला. पहिल्याच खेपेला.

दादा त्या चिन्हाकडे बघत राहिला.

“याच्यापुढे मी होतो का?” त्याने विचारलं.

मास्तरांना हो म्हणता आलं असतं. खिडकीत बसून त्यांनी इतकी वर्षं माणसांना बरं वाटेल असंच लिहिलं होतं. प्रत्येक मेलेला माणूस त्यांच्या हातून मनमिळाऊ झाला होता. पण दादाच्या तोंडावर ते जमेना. काल त्या क्षणी मनात काय होतं ते त्यांनी आठवून पाहिलं. बोटांखाली चिन्ह सापडत नाही एवढीच चिडचिड होती. तिच्यापुढे काहीच नव्हतं.

“माहीत नाही, दादा,” ते म्हणाले. “मी स्वल्पविरामच शोधत होतो.”

दादाने मान हलवली. दुकानात एखाद्याला तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता आली नाही की हलवायचा, तशी. रागावला नाही. कीबोर्ड आत सरकवला आणि म्हणाला, घे, लिही.

दुरुस्ती दोघांनी मिळून लिहिली. काल चुकून प्रसिद्ध झालेल्या बातमीतील गृहस्थ हयात असून त्यांची प्रकृती ठीक आहे. त्यांना पत्नी, थोरले बंधू आणि भावजय असा परिवार आहे. झालेल्या मनस्तापाबद्दल दिलगीर आहोत. स्वल्पविरामाच्या वेळी दादा उठून काचेला नाक लावून उभा राहिला, तो नीट येईपर्यंत. मास्तरांनी वाचून दाखवलं आणि शब्द मोजले. पंचवीस भरले. पंधरा उरत होते. दोघांनीही ते ऐकलं, आणि त्या पंधरा शब्दांचं काय करायचं ते कुणी बोललं नाही. मास्तरांनी बातमी पाठवून दिली.

मग दादा म्हणाला की घरी चल. वहिनी सकाळपासून रडते आहे आणि तू जिवंत आहेस हे माझ्या तोंडून तिला पटायचं नाही. मास्तरांनी पाच वाजता सुटेन म्हणून सांगितलं. दादा दुकानात परत गेला नाही. पाच वाजेपर्यंत तो जिन्याजवळच्या एका बाकावर बसून राहिला. मधे एक मुलगी वडिलांची बातमी द्यायला आली तेव्हा आपली पाण्याची बाटली त्याने तिला दिली.

दादा तिसऱ्या मजल्यावर राहायचा. दार वहिनींनी उघडलं. डोळे सुजलेले. त्यांनी मास्तरांना डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, मग दादाकडे पाहिलं, मग पुन्हा मास्तरांकडे.

“नऊ वर्षं आला नाहीत, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “आणि आलात ते मेल्यावर.”

चपला काढून मास्तर आत बसले. चहा झाला. गुडघ्यांबद्दल बोलणं झालं, भिंतीत मुरणाऱ्या पाण्याबद्दल झालं, लोक हल्ली चष्मेही घरबसल्या मागवतात त्याबद्दल झालं. आईचा फोटो कपाटावर होता. मास्तरांनी तिकडे एकदा पाहिलं. दादाने त्यांना तसं बघताना पाहिलं. वहिनींनी कप उचलले. अर्ध्या तासात तिघांचंही बोलायचं संपलं, आणि नऊ वर्षांचं एवढंच निघावं याचं मास्तरांना मनातून वाईट वाटलं. पण त्याला आता काय करणार.

निघताना दादा दारापर्यंत आला. कडीवर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिला.

“पुढच्या वेळी पेपरातून नको कळवूस,” तो म्हणाला. “आधी फोन कर.”

मास्तरांनी करतो म्हणून सांगितलं आणि उतरले. तीन मजले उतरून फाटकापाशी पोचले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की दादाचा नंबरच आपल्याकडे नाही. नऊ वर्षांपूर्वीचा होता तो केव्हाच बदलला असणार. फाटकाला हात लावून ते उभे राहिले. बस यायची वेळ झाली होती. गुडघा दुखत होता. शेवटी ते वळले आणि एकेका पायरीला कठडा धरत परत तीन मजले चढले.

दार दादानेच उघडलं. काय राहिलं, त्याने विचारलं.

“तुझा नंबर.”

दादाने तो सावकाश सांगितला, दोन वेळा. मास्तरांनी खिशातल्या कागदावर लिहून घेतला आणि सवयीने परत वाचून दाखवला. एक आकडा चुकला होता. दादाने त्यांच्या हातातलं पेन घेतलं, तो आकडा दुरुस्त केला आणि दार लावून घेतलं.